भिंगरीआईची शीव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, तर ओढ्याकाठच्या सगळ्यात जुन्या पळसाला विचारलं तर तोही म्हणेल, बाई, माझ्या आज्याला विचार. तेव्हा पळसणी हे एकच गाव होतं. आता दोन आहेत. ओढ्याच्या त्या अंगाला पळसणी बुद्रुक आणि ह्या अंगाला आमचं पळसणी खुर्द.

बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. थोरल्याला आठवड्याचा बाजार आहे, हायस्कूल आहे, दवाखाना आहे, माडीची घरं आहेत. आमच्याकडं चौथीपर्यंतची शाळा, एक पिठाची गिरणी, डोंगराच्या पोटातला एक झरा, आणि प्रत्येक घरापुढं अंगण, त्यात पळसाची पानं दगडाखाली दाबून वाळत घातलेली. एसटी बुद्रुकला थांबते. आमच्या फाट्यावर नुसता हॉर्न वाजवते, ज्याला चढायचं त्यानं पळायचं. "खुर्द म्हंजे चिमूटभर गाव," असं बुद्रुकचे लोक म्हणतात. म्हणू देत.

पण तलाठ्याच्या नकाशात आमच्या चिमूटभर गावाची शीव बघितली तर नवा माणूस चक्रावतो. ती कुठं सरळ जातच नाही. डोंगराला वळसा घालते, बुद्रुकच्या कुरणात घुसते, पाटलांच्या आंबराईत जाऊन एका झाडाभोवती गिरकी घेते, आणि मग बुद्रुकच्या वेशीच्या उंबऱ्याला घासून परत ओढ्यावर येते. बुद्रुकचा माणूस वेशीबाहेर पहिलं पाऊल टाकतो ते आमच्या गावात. एकदा एक नवे तलाठी नकाशा उलटासुलटा करून म्हणाले होते, "ही शीव कुणी आखली? शुद्धीवर होता का तो?"

तो नव्हता, ती होती. आणि तिनं शीव आखली नाही. ती चालली.

तर त्या काळी पळसणीला दगडी गावकूस होतं आणि एकच वेस होती. वेशीला सागवानी दारं, त्यांना हत्तीलाही टोचतील असे लोखंडी खिळे. दिवस मावळला की वेसकर दारं लावायचा. मग आत असेल तो आत, बाहेर असेल तो बाहेर. उघडायची ती दिवस उगवल्यावर. पेंढाऱ्यांचं भय होतं, त्यामुळं गावाचंही काही चुकत होतं असं नाही. भय सगळ्यांनाच असतं. पण दार ज्याच्या हातात असतं त्याचंच भय खरं धरतात.

एका वर्षी दुष्काळी मुलखातून काही कुटुंबं चालत आली. ओढ्यापलीकडं पळसाचं रान होतं, तिथं त्यांनी पालं ठोकली. पत्रावळ्या लावणं हे त्यांचं काम. पानं तोडायची, दाबून सरळ करायची, बांबूच्या बारीक काड्यांनी एकमेकांत टाचायची. लग्नसराईत पळसणीच्या पंगती ह्यांच्याच पत्रावळ्यांवर जेवून उठायच्या. पण पालं ती पालंच. पळसणीचे लोक त्यांना 'पलीकडचे' म्हणायचे. विहीर गावात, वैद्य गावात, आणि पलीकडचे पलीकडं. डोंगरातल्या झऱ्यालाही पाटलांनी काटे लावून ठेवलेले, गुरांसाठी.

ह्या पालांमध्ये साळू नावाची सून होती. तिचा नवरा हैबती पत्रावळ्यांचे भारे घेऊन गावोगाव फिरायचा, घरात सासू धुरपा आणि साळू. साळूचा हात फार चालायचा. एकदा मांडी घालून बसली की पानांचा ढीग संपल्याशिवाय उठायची नाही. सासू कौतुकानं सांगायची, "माझी सून म्हंजे गाडलेला खांब हाय. हलायची न्हाई." असं म्हणतात.

मग साळूला मुलगा झाला, सिदू. तो पाय टाकायला लागला त्याच सुमारास एक दिवस त्याला ताप चढला. दुपारी अंग कोमट होतं. तिसऱ्या प्रहराला चटका बसायला लागला. दिवस कलला तेव्हा त्याचे डोळे वर गेले. साळू त्याला घेऊन ओढ्यातून धावली, मागून धुरपा. दोघी वेशीपाशी पोचल्या तर दारं नुकतीच लागली होती. आतला अडसर सरकल्याचा आवाज साळूनं आपल्या कानांनी ऐकला.

"अहो, वैद्याला बोलवा! लेकराला आकडी आलीया!"

आतून वेसकर म्हणाला, "बाई, हुकूम न्हाई. पाटलांना विचारतो. थांबा."

तो विचारायला गेला. पाटील जेवत होते, असं म्हणतात. कुणी म्हणतं, झोपले होते. निरोप पाटलांपर्यंत गेलाच नाही, असंही म्हणतात. काही असो, दार काही उघडलं नाही. साळू दारापुढं येरझाऱ्या घालत होती. शेजारचं गाव कोसभर लांब होतं, तिथंही एक झाडपाला देणारा म्हातारा होता. ती म्हणाली, "आत्याबाई, मी तिकडं पळत जाते."

धुरपाला सुनेची दया आली. ती म्हणाली, "आता उघडतील गं. किती नाचशील? बस जरा."

साळू बसली. वेशीच्या उंबऱ्याला टेकून, पोराला मांडीवर घेऊन बसली. आणि त्या बसण्यातच सिदू थंड झाला.

त्याला ओढ्याकाठी पुरलं. साळू रडली नाही. पण त्या दिवसापासून ती बसलीही नाही. उभ्यानं जेवायची. चालत चालत पत्रावळ लावायची, एका हातात पानं, दातात काड्या. रात्री म्हणे पालाच्या खांबाला पाठ लावून डुलकी काढायची. कुणी बस म्हटलं की दचकायची. ती एकच गोष्ट बोलायची, "मी बसले म्हणून गेला. चालत ऱ्हायले असते तर पोचले असते."

धुरपा हे ऐकायची आणि पाण्याला निघून जायची.

पुढं साळूला मुलगी झाली. तिचं नाव बायजा. आता ही बायजा आईच्या कुशीत काय पिऊन आली होती देव जाणे, पण आई चालत असली तरच ती झोपायची. साळूचं पाऊल थांबलं की बायजाचा टाहो सुरू. आणि टाहो म्हणजे असा की झाडावरची वटवाघळं दिवसा उडायची. त्यामुळं साळू बायजाला कडेवर घेऊन पालाभोवती फिरायची, पानं तोडताना फिरायची, रांधताना फिरायची. तिच्या फिरण्यानं अंगणात गोल चाकोरी पडली होती, बैलगाडीच्या वाटेसारखी. "हिच्या पायाला भिंगरी लागली," असं लोक म्हणायला लागले. मग नुसतंच भिंगरी म्हणायला लागले.

पळसणीच्या लोकांना मात्र ह्यातलं अर्धंच माहीत होतं, आणि गोष्ट सगळी त्यावरच आहे, म्हणून नीट ऐका. सकाळी पलीकडच्या बायका पाण्याला नि पत्रावळ्या द्यायला वेशीवर यायच्या. दार उघडेपर्यंत त्यांना रांगेत उभं राहावं लागायचं. वेसकर दटावायचा, "ए, हलू नका! जागच्या जागी!" मग साळूलाही थांबावं लागायचं. ती थांबली की बायजा सुरू. वेशीला लागूनच पाटलांचा वाडा. सुभानराव पाटलांची सकाळची झोप रोज त्या टाहोनं मोडायची. ते माडीवरून ओरडायचे, "आली का तुतारी! अरे, उघडा ते दार, कान फुटले!"

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एक म्हणायची, "साळे, तुझ्या लेकीमुळं दार लवकर उघडतं गं. हिला रोज आण." दुसरी म्हणायची, "पाटलांना कोंबडा पाळायची गरज न्हाई आता."

असं हे हसण्यावारी चाललेलं. पण सिदू गेल्यापासून पालांमध्ये एक धग होती. म्हातारीकोतारी माणसं म्हणायची, आपली शीव असती, आपलं गाव असतं, तर आपण झऱ्याचं पाणी प्यालो असतो, आपला वैद्य आणून बसवला असता. कुणीतरी हे पाटलांच्या कानावर घातलं. पाटील म्हणाले, "वेस आवडत न्हाई ना? मग पालं उचला. पाडव्यापर्यंत रान मोकळं करा."

पलीकडचे घाबरले. इतक्या वर्षांनी पोरंबाळं घेऊन जायचं कुठं? त्यांनी आजूबाजूच्या गावांचे पंच गोळा केले. ओढ्यावर एक पांढरा धोंडा आहे, अजून आहे, तिथं बैठक भरली. त्या काळी शिवेचा तंटा झाला की एक रीत होती. डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचं आणि ज्याची शीव आहे असं वाटतं तिच्यावरून चालून दाखवायचं. मातीला खोटं चालत नाही, असं म्हणत. पालांमधल्या लोकांनी एक उंचापुरा गडी चालायला उभा केला होता.

पाटलांना त्या गड्याकडं बघून शंका आली. हा डोंगर पार करील, असं वाटलं. तेवढ्यात त्यांची नजर साळूकडं गेली. बैठकीत बायका मागं दाटीनं उभ्या होत्या, साळूला हलायला जागा नव्हती, आणि बायजा नेहमीसारखी टाहो फोडत होती.

पाटील हसले. पंचांना म्हणाले, "गडी कशाला? त्या भिंगरीला चालू द्या की. पोर रडंस्तवर ती जेवढं चालंल तेवढी ह्यांची शीव. पोर रडलं, खेळ संपला. फिरून ह्या धोंड्यापाशी आली तर गाव ह्यांचं. न आली तर पालं उचलायची."

सगळी पळसणी हसली. एकजण म्हणाला, "सुपाएवढं गाव होईल!" दुसरा म्हणाला, "सुपाएवढं कशाला, चुलीएवढं!"

पालांमधले पुरुष ओरडले, हे चालणार नाही. पण तेवढ्यात मागून साळूचा आवाज आला, "चालतंय. मी चालते."

झालं. पालांमध्ये तिच्यावर सगळे तुटून पडले. हैबती नेमका पालावर होता, तो म्हणाला, "अगं, सगळ्यांची घरं तू पणाला लावलीस! दिवसभर पोर गप ऱ्हाईल व्हय?" कुणी म्हणालं, पोर गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय. साळू अंगणात चाकोरीतून फिरत होती आणि बायजा तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. धुरपा दारात बसून बघत होती. पुरुषांना बघायला डोळे होते, पण ते घरी असायचे कुठं? हे रोज बघितलं होतं ते एकट्या धुरपानं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना साळू पांढऱ्या धोंड्यापाशी आली. पंच म्हणाले, ढेकूळ घे. साळूनं आपलं ढेकूळ आधीच आणलं होतं, पळसाच्या पानात बांधून. कुठली माती, असं कुणी विचारलं नाही. धुरपानं मात्र ते पान पाहिलं आणि ओळखलं. ओढ्याकाठी जिथं सिदूला पुरलं होतं तिथली माती तेवढी काळी नि चिकट असते. एक लेकरू डोक्यावर आणि एक कडेवर, अशी साळू निघाली.

फाल्गुन सरत आला होता. पळसाची फुलं गळून गेलेली आणि पानं अजून यायची होती. सगळं रान उघडंबोडकं, सावली म्हणून नाही. पंच मागून चालले, पाटलांची माणसं चालली, पालांमधली माणसं चालली. सगळ्यांच्या मागं धुरपा, हातात पाण्याची कळशी घेऊन. पाटील घोड्यावर होते. ते म्हणाले, "त्या बाभळीपर्यंत जाती का बघू."

साळू बाभळीपाशी गेली. बायजा झोपलेली.

"बरं, त्या बांधापर्यंत."

साळू बांधाच्या पुढं गेली. बायजा झोपलेली. पाटलांनी घोड्यावरून वाकून बघितलं. पोर जिवंत आहे ना, असं त्यांना वाटलं, असं म्हणतात. कारण त्यांनी जन्मात तिला गप बघितलं नव्हतं. त्यांनी तिला बघितलं होतं ते फक्त वेशीत, थांबवलेल्या आईच्या कडेवर.

साळू डोंगर चढली. झऱ्याचे काटे पायानं बाजूला सारून झऱ्याला वळसा घातला. ऊन तापलं. खाली जमीन अशी भाजत होती की घोड्याचे खूर नाचायला लागले. साळू मागं बघत नव्हती. ती गुणगुणत होती,

चाल चाल पाया, वाट सरू दे गं बाई
उन्हाच्या माथ्यावर लेक निजली हाई

आणि असं म्हणतात, की ती ज्या पळसाखालून जायची त्या उघड्या पळसाला तिथल्या तिथं पानं फुटायची. चांगली पत्रावळीएवढी पानं, ती लवून बायजाच्या तोंडावर सावली धरायची. मागून येणारे पंच त्या सावलीत टेकायचे आणि म्हणायचे, "आत्ता हितं ऊन होतं की!" खरंखोटं देवाला माहीत. पण आजही खुर्दाच्या पळसाला बुद्रुकच्या पळसापेक्षा आधी पानं येतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघते.

दुपारी पाटलांनी हलगीवाल्याला बोलावलं. हलगी कडाडली. पालांमधल्या बायकांनी कानावर हात ठेवले. बायजानं झोपेत ओठ हलवले आणि हसली, कारण हलगी नेमकी साळूच्या पावलांवर पडत होती. पाटील चिडून म्हणाले, "थांबव रे ते! तू तर अंगाई वाजवायला लागलास!"

बायजाला भूक लागली तेव्हा साळूनं तिला चालता चालता पाजलं. कुरणातून जाताना धुरपानं तिच्या तोंडाला कळशी लावली, तीही चालता चालता. निम्मं पाणी सांडलं. आंबराईत मात्र घात व्हायचा होता. वाळका काटा साळूच्या टाचेत पार आत गेला. तिचा पाय अडखळला, बायजा कुरकुरली. सगळे श्वास धरून उभे. साळूला पुढं पाऊल टाकवेना, तशी ती दुखरी टाच फरफटत जवळच्या एका आंब्याभोवती गोल फिरली, फिरतच राहिली, जशी अंगणात फिरायची तशी. फिरता फिरता काटा जमिनीला घासून निघाला. बायजा पुन्हा झोपली. साळू पुढं चालली. पाटलांचा सगळ्यात गोड आंबा तेवढा आमच्या शिवेत आला. त्याला अजून बुद्रुकचे लोक जळतात.

दिवस कलायला लागला. पण असं म्हणतात, की त्या दिवशी सूर्य मावळतीला कासराभर उरला आणि तिथंच राहिला, दाव्याला बांधलेल्या बैलासारखा. पंच आभाळाकडं बघायचे आणि म्हणायचे, अजून मावळत कसा नाही? सूर्यालाही बघायचं असेल.

आता राहिलं होतं थोडंच. गावकुसाच्या कडेनं यायचं, वेशीपुढून जायचं, उतार उतरला की ओढा आणि ओढ्यावर पांढरा धोंडा. पालांमधली माणसं आधीच धावत धोंड्याकडं गेली होती. हैबती तिकडून हात हलवत होता. पाटलांचा चेहरा उतरला होता. त्यांनी वेसकराकडं बघितलं आणि मान हलवली. किंवा नसेलही हलवली. दिवस मावळायची वेळ होती, वेसकर रोजच्या सवयीनं उठलाही असेल. त्यानं वेशीची दारं ओढायला घेतली.

बिजागऱ्या करकरल्या.

तो आवाज आला आणि साळूचे पाय थांबले.

तिनं थांबवले नाहीत. ते थांबले. सकाळपासून डोंगर चढलेले, काट्यावर फिरलेले पाय वेशीपुढं असे रुतले जसे कुणी खालून धरलेत. तिच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते आईला सांगायला नको. दार लागतंय आणि कडेवर लेकरू आहे. ती पुढं जाईना, मागं जाईना. ओढ्यावरून माणसं ओरडायला लागली, "साळे, चल! अगं, चल! एवढंच ऱ्हायलंय!" तिला काही ऐकूच येत नव्हतं.

बायजानं डोळे उघडले. तिची हनुवटी थरथरली. खालचा ओठ पुढं आला. पाटलांनी घोडा पुढं आणला.

तेव्हा गर्दीतून धुरपा पुढं आली. तिनं कळशी खाली टाकली, ती उतारावरून गडगडत ओढ्यात गेली. सुनेपाशी येऊन ती म्हणाली,

"दे इकडं."

साळूनं तिच्याकडं बघितलं, ओळख नसल्यासारखं.

"दे गं पोरी. मी चालते. तू बस."

हाच शब्द धुरपा त्या दिवशीही बोलली होती, ह्याच जागी. पण तेव्हा लेकरू साळूच्याच मांडीवर ठेवून म्हणाली होती. आज तिनं बायजाला आपल्या कडेवर घेतलं आणि वळून चालायला लागली, म्हातारी, वाकलेली, पण पाऊल तसंच, अंगणातल्या चाकोरीत पडायचं तसंच. रोज बघून बघून तिला ते पाऊल पाठ झालं होतं. बायजाचा पुढं आलेला ओठ मागं गेला.

पाटील ओरडले, "चालणारी बदलली! हे खोटं हाय!"

पंचांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "पाटील, बोली पोराच्या रडण्याची झाली होती. पाय कुणाचे, हे तुमी सांगितलं न्हवतं."

धुरपाला उतारावर धाप लागली, तेव्हा ओढ्याकडून तिची शेजारीण धावत वर आली आणि तिनं बायजाला घेतलं. तिच्याकडून दुसरीनं, दुसरीकडून तिसरीनं. ज्या बायका सकाळी वेशीत पदर तोंडाला लावून हसायच्या त्या सगळ्यांच्या कडेवरून बायजा गेली. कुणी पाऊल थांबू दिलं नाही. असं करत ती पांढऱ्या धोंड्यापाशी पोचली, झोपलेली. पंचांनी हात वर करून शीव मान्य केली. तेव्हा कुठं सूर्य सुटला आणि एकदम मावळला, असं म्हणतात.

इकडं वेशीत साळू बसली. सिदू गेल्यापासून पहिल्यांदा बसली. तिनं डोक्यावरचं ढेकूळ उतरवलं आणि वेशीच्या उंबऱ्यावर, बरोबर दाराच्या वाटेत ठेवलं. सिदूला जिथं पोचायचं होतं तिथं. वेसकरानं दार ओढलं, ते ढेकळाला येऊन अडलं. त्यानं जोर लावला. पाटलांची माणसं आली, त्यांनी जोर लावला. मातीचं ढेकूळ ते, चुरा व्हायला हवं होतं. पण सागवानी दार करकरलं आणि ढेकूळ जागचं हललं नाही. त्याचा दगड झाला होता. ते दार अर्धं उघडं राहिलं ते राहिलंच. पुढं वाळवीनं खाल्लं, खिळे गंजून गळले. वेस अजून आहे, दार नाही. आणि तो काळा दगड अजून उंबऱ्यावर आहे.

साळू तिथंच दगडाला डोकं टेकून झोपली. तिला उठवायला कुणी धजलं नाही. धुरपा बायजाला घेऊन आली तेव्हा पोर भुकेनं जागी झाली आणि असा टाहो फोडला की वेशीवरची कबुतरं उडाली. धुरपा हसली, डोळे पुसत म्हणाली, "आता रड बाई. पोटभर रड. आता तुझ्या रडण्यानं काय जात न्हाई."

असं आमचं गाव झालं. झऱ्यावरचे काटे निघाले. पलीकडचे लोक खुर्दाचे झाले. लोकांनी वैद्यालाही आणून बसवलं, आणि गावाला वेस बांधायची वेळ आली तेव्हा दोन खांब तेवढे उभे केले. दार लावलं नाही. आजही नाही. साळू म्हातारी होईपर्यंत जगली, आणि आयुष्यभर थोडी अस्वस्थच राहिली, असं म्हणतात. दूर कुठं लेकरू रडलं की तिचे पाय चुळबुळायचे. गेल्यावर लोक तिला भिंगरीआई म्हणायला लागले. तिला देऊळ नाही. बुद्रुकच्या वेशीतला तो काळा दगड तेवढा. त्यावर पळसाचं पान ठेवतात आणि पानावर दहीभाताचा घास.

आणि एक रीत आहे. खुर्दात लेकरू जन्मलं आणि त्याची मान धरली की त्याला शीव दाखवायला नेतात. सगळं गाव निघतं. प्रत्येक घरानं थोडं थोडं अंतर न्यायचं, ह्या कडेवरून त्या कडेवर, डोंगराला वळसा, कुरण, आंबराईतल्या आंब्याभोवती गिरकी. पाऊल थांबवायचं नाही. बाप्येही नेतात. सासवा तर भांडतात, मला आधी द्या म्हणून. फक्त एकीनं चालायचं नाही, ती म्हणजे लेकराची आई. तिनं वेशीत, भिंगरीआईच्या दगडापाशी बसायचं. तिला पत्रावळीवर गरम जेवण वाढतात. पायावर पाणी घालतात. आणि लेकरू फिरून येईपर्यंत तिनं उठायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा. आपलं लेकरू डोंगराच्या मागं गेलेलं दिसत नाही, ऊन लागत असेल का, टोपडं सरकलं असेल का, दूध ओकलं तर त्यांना कळेल का, असं सगळं मनात चालू असतं आणि पाय आपले आपण उठायला बघतात. पत्रावळीवरचा घास तसाच राहतो. दगडावर हात ठेवून बसावं लागतं. दगड उन्हानं गरम झालेला असतो, तापातल्या अंगासारखा. मग कधीतरी उतारावरून गलका ऐकू येतो. कुणीतरी धापा टाकत येतं, माझ्या वेळी गिरणीवाल्याची म्हातारी आई आली होती, आणि लेकरू मांडीवर ठेवतं.

ते झोपलेलं असतं.